हलत्या डोळ्यावरच्या पेशी टिपायच्या कशा? जिवंत कॉर्नियाच्या वेगवान मायक्रोस्कोपीचे पहिले धडे

काचपट्टीवरची पेशी जागा सोडत नाही. जिवंत डोळ्यावरच्या पेशीचं तसं नाही, कारण पेशी जागेवर असली तरी तिच्याखालचा डोळा हलत असतो. पेशंटने समोरच्या दिव्यावर कितीही टक लावली तरी डोळा सेकंदाला एक-दोनदा बारीक झटका घेतो, आणि दोन झटक्यांच्या मधे हळूहळू सरकत राहतो. शिवाय नाडीचे ठोके आणि श्वास डोक्याला पुढे-मागे हलवतात ते वेगळंच.

हे आकड्यांत मांडून घ्या, कारण पुढचा सगळा मार्ग त्यावर ठरतो. कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याचा, पुढचा पृष्ठभाग डोळ्याच्या फिरण्याच्या केंद्रापासून साधारण १३ मिलिमीटरवर असतो. म्हणजे डोळा १ अंश फिरला की कॉर्निया सुमारे २३० मायक्रॉन सरकतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अर्ध्या अंशाच्या झटक्यात, जेमतेम २० मिलिसेकंदांत, ११५ मायक्रॉन. संथ सरकणं अर्धा अंश प्रति सेकंद धरलं तर तेवढंच अंतर कापायला पूर्ण सेकंद लागतो. आता यंत्राची बाजू. या कामात सर्वाधिक वापरलं जाणारं यंत्र म्हणजे हायडेलबर्गच्या एचआरटी स्कॅनरला रोस्टॉक कॉर्निया मॉड्यूल जोडून केलेला लेसर कॉन्फोकल मायक्रोस्कोप. त्याची एक फ्रेम ४०० × ४०० मायक्रॉनची, ३८४ × ३८४ पिक्सेलची असते आणि ती २४ मिलिसेकंदांत भरते. संथ सरकण्यात या २४ मिलिसेकंदांत कॉर्निया जेमतेम ३ मायक्रॉन हलतो. बेसल एपिथेलियमची, म्हणजे कॉर्नियावरच्या आवरणाच्या सर्वांत खालच्या थराची, एक पेशी ८ ते १० मायक्रॉनची, त्यामुळे हे चालून जातं. झटक्यात मात्र फ्रेमचा पाव भागाहून अधिक प्रदेश वाहून जातो, आणि ती फ्रेम वाया गेली असं समजायचं.

झटकाही गोठवायचा असेल तर एक फ्रेम अर्ध्या मिलिसेकंदात घ्यावी लागेल, म्हणजे सेकंदाला दोन हजार. तेवढा प्रकाश कॉर्निया परत पाठवतच नाही. म्हणून नवशिक्याने पहिल्याच दिवशी हे मनाशी पक्कं करावं: वेगवान यंत्र झटके थांबवत नाही, दोन झटक्यांमधल्या शांत वेळात भरपूर फ्रेम्स घ्यायची संधी देतं. १०० फ्रेम्सच्या मालिकेत तीन ते सहा ठिकाणी तुटलेल्या प्रतिमा दिसल्या तर यंत्र बिघडलेलं नाही. डोळा जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्र तयार करणं

कॉन्फोकल म्हणजे काय, थोडक्यात. लेसरचा ठिपका एका वेळी एकाच बिंदूवर पडतो, आणि परतणारा प्रकाश एका सूक्ष्म छिद्रातून जातो. फोकसच्या वर-खालून आलेला प्रकाश त्या छिद्राबाहेर अडतो. मार्व्हिन मिन्स्की यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी १९५७ साली अर्ज केला होता. ती डोळ्यांच्या दवाखान्यात रुळायला बराच काळ जावा लागला. रोस्टॉक मॉड्यूलमध्ये ६७० नॅनोमीटरचा लाल लेसर आणि ६३ पट पाण्यात बुडणारा ऑब्जेक्टिव्ह असतो. ऑब्जेक्टिव्ह थेट डोळ्याला लागत नाही. त्यावर निर्जंतुक, एकदाच वापरायची पारदर्शक प्लास्टिकची टोपी बसते, तिला टोमोकॅप म्हणतात.

निम्मी खराब चित्रं या टोपीपाशीच जन्माला येतात, तेव्हा घाई इथे करू नका.

ऑब्जेक्टिव्हच्या टोकावर कार्बोमर जेलचा वाटाण्याहून लहान थेंब ठेवा. ट्यूबमधला पहिला थेंब पुसून टाका, त्यात हवा असते. टोपी सरळ रेषेत, न तिरपवता, हळूहळू दाबत बसवा, म्हणजे जेल मधोमधून कडेला पसरेल आणि हवा बाहेर जाईल. बाजूने प्रकाश टाकून पाहा. बुडबुडा दिसला तर टोपी काढा, जेल पुसा, पुन्हा सुरुवात करा. बुडबुडा कडेला आहे, चालेल, असं म्हणून पुढे गेलात तर तपासणीच्या मध्यावर तो सरकून नेमका मधोमध येतो आणि चित्रात काळं वर्तुळ उमटतं. जेलचं काम जोडण्याचं आहे. हवेचा अपवर्तनांक १ आणि कॉर्नियाचा साधारण १.३७६, त्यामुळे मधे हवेचा थर राहिला की बहुतेक प्रकाशमार्ग बिघडतो. जेलचा अपवर्तनांक पाण्याच्या जवळपास असल्याने ती पायरी उरत नाही.

आता शून्य लावायचा. ऑब्जेक्टिव्हभोवतीची फोकस-रिंग फिरवत जा. एका ठिकाणी पडदा एकदम लख्ख उजळतो. हे टोपीच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं परावर्तन. तिथे थांबून सॉफ्टवेअरमध्ये खोली शून्य करा. टोपीला दोन पृष्ठभाग आहेत आणि दोन्ही चमकतात, फक्त आतल्या बाजूला जेल असल्याने तिथली चमक मंद असते. नवखे लोक मंद चमकेवर शून्य लावतात आणि मग एपिथेलियम शेकडो मायक्रॉन खोल का दाखवतंय म्हणून डोकं खाजवतात. उजळपणा पडद्यावर सगळीकडे सारखा आहे ना, हेही पाहा. एक बाजू आधी आणि दुसरी नंतर उजळत असेल तर टोपी तिरपी बसली आहे.

पहिले काही दिवस माणसाच्या डोळ्याऐवजी ओल्या लेन्स-टिश्यूचा तुकडा धरून सराव करा. त्याचे तंतू चांगले चमकतात, आणि जॉयस्टिक, रिंग, पायाचं पॅडल यांची सांगड हाताला बसते. पडद्याकडे पाहत रिंग फिरवता येईपर्यंत पेशंटपाशी जाऊ नये.

पेशंटची तयारी

ही तपासणी नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायची. कॉर्नियाला छिद्र असेल, तो वितळून पातळ झाला असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर स्पर्श करून प्रतिमा घ्यायचीच नाही. भुलीच्या थेंबांची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारा. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायला सांगा आणि ती किती तास घातली होती ते नोंदवा, कारण लेन्स वापरणाऱ्यांच्या कॉर्नियात रोगप्रतिकारक पेशींची संख्या बदललेली दिसते.

तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा. अश्रूंच्या सगळ्या चाचण्या आधी, ही शेवटी. भूल आणि जेल दोन्ही अश्रूंचा पडदा बदलून टाकतात, त्यानंतर घेतलेल्या अश्रूंच्या मापाला काही अर्थ उरत नाही.

०.५% प्रोपॅराकेन किंवा ०.४% ऑक्सिब्युप्रोकेनचा एकेक थेंब दोन्ही डोळ्यांत टाका. ज्या डोळ्याला हात लावायचा नाही त्यातही का? कारण पापण्या दोन्ही डोळ्यांच्या एकत्र लवतात; एका डोळ्यात चुरचुर झाली की दुसराही मिटतो. मिनिटभर थांबा. मग तपासायच्या डोळ्यात जेलचा एक थेंब. हनुवटी आणि कपाळ आधाराला नीट टेकलेलं हवं. कपाळ थोडंसुद्धा सुटलं तर डोकं श्वासाबरोबर मागे-पुढे होतं, आणि फोकसच्या दिशेने झालेली ही हालचाल आडव्या हालचालीहून जास्त त्रास देते: नसांचं जाळं ज्या थरात असतं तो थर काही मायक्रॉनचाच आहे. खुर्चीची उंची जुळवायला वेळ द्या. मान ताणून बसलेला माणूस पाच मिनिटं स्थिर राहू शकत नाही.

पेशंटला काय होणार ते आधी सांगा: लाल प्रकाश दिसेल, काहीतरी टेकल्याची जाणीव होईल, दुखणार नाही, मधे थांबायचं असेल तर हात वर करा. दुसऱ्या डोळ्यासमोर लक्ष्याचा दिवा लावा. लक्ष्य सरकवून कॉर्नियाचा हवा तो भाग समोर आणता येतो, त्यासाठी यंत्र तिरपं करायची गरज नसते.

टेकवणं आणि थर उतरत जाणं

बाजूच्या कॅमेऱ्यात पाहत लाल ठिपका बाहुलीच्या मधोमध आणा आणि हळूहळू पुढे सरका. आधी टोपीवरचं आणि डोळ्यावरचं जेल एकमेकांना भेटतं. आणखी किंचित पुढे, आणि पडद्यावर मोठ्या बहुभुज पेशी दिसू लागतात. थांबा. नवशिक्याचा हात इथे हमखास पुढे जातो. टोपी कॉर्नियाला टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये.

पहिला थर वरच्या एपिथेलियम पेशींचा: सुमारे ५० मायक्रॉनपर्यंत मोठ्या, कडा उजळ, मधोमध उजळ केंद्रक आणि त्याभोवती काळसर कडं. रिंग थोडी फिरवली की विंग पेशी येतात, साधारण २० मायक्रॉनच्या, एकसारख्या. त्याखाली बेसल पेशी, ८-१० मायक्रॉनच्या, दाटीवाटीने, उजळ कडा आणि गडद अंग असलेल्या. यांचं केंद्रक सहसा दिसत नाही. एपिथेलियमची जाडी सुमारे ५० मायक्रॉन, म्हणून ४० ते ६० मायक्रॉनच्या पट्ट्यात नसांचं जाळं शोधा: पांढऱ्या, लांब, एकमेकींना बऱ्यापैकी समांतर रेषा. बाहुलीच्या केंद्राच्या थोडं खाली आणि नाकाच्या बाजूला गेलात तर या रेषा भोवऱ्यासारख्या वळताना दिसतात. तो भोवरा एकदा सापडला की सगळ्या कॉर्नियावर तुमच्याकडे एक पक्की खूण झाली.

आणखी खाली बोमनचा थर ८ ते १२ मायक्रॉनचा, धूसर, त्यात विशेष काही दिसत नाही. मग स्ट्रोमा, कॉर्नियाचा जाड मधला थर, जिथे काळ्या पार्श्वभूमीवर केराटोसाइट पेशींची उजळ केंद्रकं विखुरलेली असतात. आणि तळाशी, अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त उतरल्यावर, एंडोथेलियमच्या षट्कोनी पेशी. पृष्ठभागाचं काम करणाऱ्याला इतकं खाली जायचं कारण नाही, पण शिकताना एकदा तळापर्यंत जाऊन यावं. थरांची ओळख त्यानेच पक्की होते.

पडद्यावरच्या खोलीच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तो टोपीच्या पृष्ठभागापासूनचं अंतर सांगतो, कॉर्नियाच्या पृष्ठभागापासूनचं नाही. पेशंट केसभर मागे सरकला, मधे जेलचा थर जाड झाला, की ५० मायक्रॉनवर अचानक वरच्या पेशी दिसतात. थर ओळखायचा तो पेशींच्या रूपावरून. आकडा फक्त दिशा सांगतो.

कुठला मोड, किती वेग

या यंत्रात तीन प्रकारे टिपता येतं. पॅडल दाबलं की एक प्रतिमा, हा पहिला. ठरावीक वेगाने १०० प्रतिमांची सलग मालिका, हा दुसरा. सेकंदाला ३० घेतल्या तर मालिका सव्वातीन सेकंदांत संपते. तिसरा प्रकार खोलीचा: सुमारे ८० मायक्रॉन जाडीत, दोन-दोन मायक्रॉन उतरत ४० प्रतिमा.

शिकणाऱ्याला खोलीचा प्रकार मोहात पाडतो, कारण वाटतं की सगळे थर एका झटक्यात मिळतील. पण त्या दीड-दोन सेकंदांत डोळा दोन-तीनदा उडी मारतो, आणि त्या चाळीस प्रतिमा एकाच स्तंभाच्या राहत नाहीत. दहा प्रतिमा एका जागेच्या, पुढच्या बारा शेजारच्या, असा तो डोलारा होतो. आमचा कल सरळ मालिकेकडे आहे. वेग ३० वर ठेवा, नसांच्या थरावर या, मालिका सुरू करा आणि ती चालू असताना रिंग अगदी केसभर पुढे-मागे हलवत राहा. शंभरातल्या तीस-चाळीस चांगल्या निघतात आणि त्या हव्या त्या थराच्या असतात.

मग यंत्र याहून वेगवान का करत नाहीत? प्रकाशाच्या हिशेबामुळे. २४ मिलिसेकंद दीड लाखाच्या आसपास पिक्सेलांत वाटले की एकाच्या वाट्याला सेकंदाचा साठ लाखावा भाग येतो. वेग चौपट केला तर पिक्सेलमागे फोटॉन चौथाई आणि चित्रातली खरखर तुलनेने दुप्पट. ती भरून काढायला लेसरची ताकद वाढवावी, तर डोळ्याच्या सुरक्षिततेची मर्यादा आडवी येते. स्वतः यंत्र जुळवणाऱ्यांनी लेसरसाठी आयईसी ६०८२५-१ आणि नेत्रयंत्रांच्या प्रकाशासाठी आयएसओ १५००४-२ ही मानकं हातात घेऊनच आकडेमोड करावी. इथे अंदाज चालत नाही.

बिंदूबिंदूने स्कॅन न करता पूर्ण चित्र एकदम कॅमेऱ्यावर घेतलं तर कोंडी काहीशी सुटते. फुल-फील्ड ओसीटी (प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून एकेका थराचं चित्र घेणारी पद्धत) हा त्यातला एक मार्ग: डोळ्याला स्पर्श न करता, एलईडीच्या प्रकाशात, सेकंदाला २७५ प्रतिमांच्या वेगाने, मिलिमीटरभराहून थोडं मोठं क्षेत्र. त्यात वेगाची गरज आणखी एका कारणाने असते. प्रत्येक चित्र दोन कच्च्या फ्रेम्सच्या वजाबाकीतून तयार होतं; त्या दोहोंमध्ये डोळा हलला तर वजाबाकीत फक्त खरखर उरते. अशी यंत्रं अजून मुख्यतः संशोधनगृहांत आहेत, म्हणून नवशिक्याने हात बसवायचा तो कॉन्फोकलवरच.

काय बिघडतं आणि का

नसा नागमोडी, करवतीसारख्या दातेरी दिसतात. ही हालचाल आहे, आजार नाही. फ्रेम ओळीओळीने वरून खाली भरते, त्यामुळे भरता भरता डोळा सरकला की सरळ रेषा तिरपी होते आणि झटका बसला की तुटते. शेजारच्या फ्रेममध्ये तीच नस सरळ असेल तर शंका मिटली.

चित्राच्या एका कोपऱ्यात बेसल पेशी, मधे नसा आणि दुसऱ्या कोपऱ्यात बोमनचा थर, असं दिसलं तर टोपी कॉर्नियाला तिरकी टेकली आहे. मागे या, लक्ष्याचा दिवा सरकवा, पुन्हा टेका. टेकलेल्या अवस्थेत बाजूला ओढत नेऊ नका. भूल असल्याने पेशंटला कळत नाही, पण एपिथेलियम खरवडलं जातं.

नसांच्या थरावर रुंद, गडद, सरळसर पट्टे उमटले की हात जास्त पुढे गेलाय. दाबामुळे पुढच्या स्ट्रोमाला आणि बोमनच्या थराला सुरकुत्या पडतात. जॉयस्टिक किंचित मागे घ्या, काही सेकंदांत पट्टे विरतात. याच सुरकुत्यांच्या आसपास नस कमी दिसते आणि नसांची घनता खोटीच कमी मोजली जाते, म्हणून पट्टे असलेली प्रतिमा मोजणीत धरू नये.

सगळं चित्र हळूहळू धूसर होत चाललंय? जेल सुकत आलंय किंवा बाजूला ओघळलंय. मागे या, पापणी लवू द्या, जेलचा नवा थेंब टाका. भुलीचे थेंब मात्र पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. ते एपिथेलियमला मानवत नाहीत, आणि मग तुम्ही डोळ्याऐवजी थेंबांचे परिणाम टिपत बसाल. पेशंट डोळा घट्ट मिटतो तेव्हा बुबुळ वर जातं, ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. त्या वेळी टोपी टेकलेली असेल तर ती कॉर्नियाच्या खालच्या भागावर घासते. म्हणून पापण्या कसमसताना दिसल्या की आधी मागे या, मग समजूत घाला.

एका डोळ्याला पाच-सहा मिनिटं पुरेशी व्हायला हवीत. त्यापुढे चित्रंही खालावतात आणि माणूसही कंटाळतो.

पेशी चालते तेव्हा

बेसल पेशी आणि नसा यांच्या थरात उजळ, फांद्या फुटलेल्या पेशी दिसतात. या डेंड्रिटिक पेशी, डोळ्याच्या पृष्ठभागावरचे पहारेकरी. कॉर्नियाच्या कडेला त्या दाट असतात आणि मध्याकडे विरळ होत जातात. त्यांच्यासोबत कधी लहान, गोल, फांद्या नसलेल्या उजळ पेशीही असतात. या गोल पेशी कोणत्या, हे एका स्थिर प्रतिमेवरून खात्रीने सांगता येत नाही. फांद्या न फुटलेली डेंड्रिटिक पेशी आणि टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसायला सारख्याच. जिवंत डोळ्याला रंग लावून ओळख पटवता येत नाही, त्यामुळे चाल हीच ओळख. मेलबर्न विद्यापीठाच्या गटाने निरोगी माणसांच्या कॉर्नियात हेच केलं: तीच जागा पुन्हा पुन्हा टिपून पेशींचा प्रवास मोजला. टी पेशी मिनिटाला साधारण १० मायक्रॉन या वेगाने जागा बदलतात, तर फांद्यांच्या डेंड्रिटिक पेशी बहुतांशी जागेवरच राहून फांद्या हलवतात.

इथे वेगाचं गणित उलटं फिरतं, आणि शिकणारे नेमके इथे गोंधळतात. फ्रेम घ्यायला २४ मिलिसेकंद लागणं हे डोळ्याच्या हालचालीसाठी आवश्यक आहे. पेशीसाठी मात्र दोन नोंदींमध्ये मिनिटं जावी लागतात. हिशेब करा. दोन प्रतिमा एकमेकींवर बसवताना २-३ मायक्रॉनची चूक राहते असं धरा. दर १० सेकंदांनी टिपलं तर मिनिटाला १० मायक्रॉन चालणारी पेशी मधल्या वेळात दीड-पावणेदोन मायक्रॉन सरकते. चूकच तिच्याहून मोठी. दर २ मिनिटांनी टिपलं तर २० मायक्रॉन, स्वच्छ दिसणारं अंतर. दर १० मिनिटांनी टिपलं तर ती १०० मायक्रॉन लांब गेलेली, आणि जी सापडली ती तीच की दुसरी हे सांगता येत नाही. म्हणून टी पेशींसाठी १ ते ३ मिनिटं, आणि फांद्यांची हालचाल पाहायची असेल तर ५ मिनिटांच्या आसपास, असं अंतर सोयीचं पडतं.

या मधल्या वेळात टोपी टेकवून ठेवू नका. मागे या, पेशंटला डोळा मिटू द्या, मग पुन्हा जा. पुन्हा तीच जागा कशी सापडणार? नसांच्या नकाशावरून. सुरुवातीलाच दोन नसा जिथे फुटतात किंवा जुळतात असा ठळक फाटा निवडा, त्याची प्रतिमा दुसऱ्या पडद्यावर उघडी ठेवा, आणि दर वेळी आधी तो फाटा गाठा. नसा तासाभरात हलत नाहीत. एका नस-फाट्याभोवती चारही बाजूंनी थोडं जास्त क्षेत्र टिपून ठेवा, म्हणजे पेशी फ्रेमबाहेर गेली तरी हाती लागेल. आणि दर वेळी एकच फ्रेम न घेता थराच्या थोडं वर आणि थोडं खाली अशी छोटी मालिका घ्या. पेशी ५ मायक्रॉन खाली उतरली तरी आडव्या चित्रात ती नाहीशी झाल्यासारखी वाटते.

कंजंक्टायव्हावरच्या गॉब्लेट पेशी

पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यात श्लेष्म बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी असतात. अश्रूंचा थर डोळ्याला धरून ठेवायला त्यांचं श्लेष्म लागतं, म्हणून कोरड्या डोळ्याच्या अभ्यासात त्यांना महत्त्व. त्या टिपण्यासाठी एक वेगळी युक्ती निघाली आहे. मोक्सिफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक, जे डोळ्याच्या थेंबांत ०.५% प्रमाणात असतं, स्वतःच चमकतं: जांभळ्या-निळ्या प्रकाशात ते हिरवट-निळा प्रकाश परत देतं, आणि गॉब्लेट पेशींत ते जास्त साठतं. दक्षिण कोरियातल्या पोस्टेक या संस्थेतल्या गटाने यावर बरंच काम केलं आहे. थेंब टाकायचा, काही मिनिटं थांबायचं, जास्तीचं धुऊन टाकायचं आणि फ्लुरोसन्स कॅमेऱ्याने टिपायचं. स्पर्श करावा लागत नाही.

अडचण पृष्ठभागाची आहे. कंजंक्टायव्हा सपाट नाही, तिला घड्या आहेत आणि ती पांढऱ्या भागावर सैल सरकते. जास्त वर्धनाच्या लेन्सची फोकसची जाडी काही मायक्रॉन, आणि पृष्ठभागाचा चढउतार त्याच्या कितीतरी पट. यावर उपाय म्हणजे एकाच फ्रेमच्या वेळात फोकस वरून खाली पटकन फिरवणं, उदाहरणार्थ आकार बदलणाऱ्या आरशाने, आणि येणारं चित्र गणिताने स्वच्छ करणं. फोकसची फेरी फ्रेमच्या वेळेतच पूर्ण व्हायला हवी, म्हणून इथेही वेगच कामाला येतो. जांभळा प्रकाश बाहुलीतून आत जाऊ नये यासाठी पेशंटला नजर बाजूला ठेवायला सांगा आणि प्रकाश फक्त टिपण्यापुरताच लावा.

जुळवणं आणि मोजणं

मालिका उघडल्यावर सर्वांत आधी निवड करा. हललेल्या, तिरक्या, पट्टे असलेल्या फ्रेम्स बाजूला. उरलेल्या फिजीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकमेकींवर बसवा. सुरुवातीला फक्त सरकवणं आणि फिरवणं वापरा. ताणून-दाबून बसवणारी पद्धत आकर्षक चित्र देते, पण पेशीची खरी हालचालही त्यात पुसली जाऊ शकते. एकाच जागेच्या नऊ फ्रेम्सची सरासरी घेतली की खरखर तिसऱ्या हिश्शावर येते. जे एका फ्रेममध्ये दिसत नाही ते अनेकदा त्यात उगवतं. चालत्या पेशीसाठी मात्र सरासरी फक्त त्याच सव्वातीन सेकंदांतल्या फ्रेम्सची घ्या, वेगवेगळ्या वेळांची मिसळ करू नका.

मोजणीतली एक गंमत लक्षात ठेवा. एका फ्रेमचं क्षेत्रफळ ०.१६ चौरस मिलिमीटर. म्हणजे एका फ्रेममध्ये एक पेशी जास्त सापडली की घनता थेट ६.२५ प्रति चौरस मिलिमीटरने वाढते. तीन पेशी म्हणजे १८.७५, पाच म्हणजे ३१.२५, एवढा फरक केवळ कुठे टेकलात यावरून पडू शकतो. एका फ्रेमवरून निष्कर्ष काढू नका. एकमेकींवर फारशा न चढलेल्या अनेक फ्रेम्स घ्या, आणि कोणत्या फ्रेम्स धरायच्या हे पेशी मोजण्यापूर्वी ठरवा. उलटं केलं की हात आपोआप पेशींनी भरलेल्या चित्राकडे जातो. निवड करणारा आणि मोजणारा वेगळा असेल तर उत्तम. मोजणाऱ्याला कुठला डोळा निरोगी आणि कुठला आजारी ते माहीत नसावं.

प्रत्येक फाइलबरोबर डोळा कुठला, कॉर्नियाचा भाग, पडद्यावरची खोली, रूपावरून ओळखलेला थर, मालिकेचा वेग, भुलीचा थेंब किती वाजता टाकला आणि जेल पुन्हा टाकलं का, एवढं लिहा. मूळ फ्रेम्स कॉम्प्रेस न करता जपा. जेपीजीच्या चौकटी बारीक नसांच्या तुटक्या ठिपक्यांसारख्या दिसतात.

तपासणी संपल्यावर

स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) फ्लुरेसिन हा चमकणारा रंग लावून कॉर्निया खरचटला नाही ना हे पाहा. भूल उतरेपर्यंत, साधारण अर्धा तास, डोळा चोळायचा नाही हे पेशंटला सांगा. बधिर डोळ्याला नख लागलं तरी कळत नाही. टोपी टाकून द्या, दुसऱ्या डोळ्यासाठीही नवी घ्या. ऑब्जेक्टिव्हवरचं जेल लगेच लेन्स-टिश्यूने, मधून कडेकडे, हलक्या हाताने पुसा. रात्रभर तसंच राहिलं तर ते वाळून पापुद्रा धरतं आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रत्येक चित्रावर त्याच जागी डाग दिसतो. सगळ्या पेशंटांत एकाच ठिकाणी दिसणारा डाग कॉर्नियाचा नसतो, लेन्सचा असतो.